गुण कोणाचे, गुण कशाचे : वैद्यकशिक्षणातील स्त्रिया आणि ‘शिकण्याच्या शैली’चा इतिहास

मराठीत ‘गुण’ हा शब्द दोन कामे करतो. परीक्षेत मिळतात ते गुण, आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुणच. पहिले दुसऱ्याने दिलेले असतात, दुसरे आपले स्वतःचे असतात, हा भेद आपण मनात गृहीत धरतो. पण निकालाच्या दिवशी तो टिकत नाही. ‘मुलीला गुण कमी पडले’ या वाक्यातून ‘मुलीत गुण कमी आहेत’ या वाक्यापर्यंत जाण्यास फारसा वेळ लागत नाही. शब्दाच्या या दुहेरीपणाची आठवण ठेवून आम्ही येथे एका प्रश्नाचा इतिहास मांडू इच्छितो. वैद्यकीय विद्यार्थ्यांची शिकण्याची शैली, त्यांचे लिंग आणि परीक्षेतील त्यांचे यश यांचा परस्परांशी संबंध काय, हा तो प्रश्न.

गेल्या तीन-चार दशकांत या विषयावर पुष्कळ लेखन झाले आहे. प्रश्नावली भरून घ्यायची, विद्यार्थी दृश्यातून शिकतो की श्रवणातून, वाचनातून की कृतीतून हे ठरवायचे, मग मुलगे व मुली वेगळे करून त्यांचे गुण शेजारी मांडायचे, अशी या अभ्यासांची सर्वसाधारण पद्धत आहे. प्रश्न वरवर पाहता अगदी आधुनिक आणि निरुपद्रवी वाटतो. वस्तुतः तो सव्वाशे-दीडशे वर्षे जुना आहे आणि त्याचा पूर्वेतिहास निरुपद्रवी नाही. त्या इतिहासात एक क्रम पुनःपुन्हा दिसतो. आधी शिकवण्याची व्यवस्था वेगळी केली जाते. मग त्या वेगळेपणाचा परिणाम शिकणाऱ्याच्या स्वभावावर लादला जातो.

एडिंबरो विद्यापीठापासून सुरुवात करू. १८६९ च्या मार्च महिन्यात सोफिया जेक्स-ब्लेक यांनी तेथे वैद्यकाच्या शिक्षणासाठी अर्ज केला. एकट्या बाईसाठी स्वतंत्र व्यवस्था करता येणार नाही, या सबबीवर तो नाकारण्यात आला. तेव्हा त्यांनी आणखी स्त्रिया मिळवल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात झालेल्या प्रवेशपरीक्षेस १५२ उमेदवार बसले, त्यांत पाच स्त्रिया होत्या. आणि पहिल्या सातांत चार क्रमांक स्त्रियांचे आले. पुढे त्यांची संख्या सात झाली. ‘एडिंबरोच्या सात’ म्हणून इतिहासात नोंदल्या गेल्या त्या याच.

प्रवेश मिळाला, तो अटींसह. स्त्रियांना वेगळ्या वर्गात शिकवायचे, आणि शिकवावे की नाही हे प्रत्येक प्राध्यापकाच्या मर्जीवर. वर्ग लहान, म्हणून शुल्क अधिक. रसायनशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर क्रम ब्राऊन यांनी शिकवण्याचे मान्य केले. १८७० च्या वसंतात परीक्षा झाली. पहिल्यांदाच ही परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांत ईडिथ पीची यांचे गुण सर्वाधिक होते. या यशाबद्दल होप शिष्यवृत्ती मिळे. तिच्यात केवळ मानाचा भाग नव्हता; ती मिळवणाऱ्यास विद्यापीठाची प्रयोगशाळा विनामूल्य वापरता येत असे. म्हणजेच पुस्तकाबाहेर पडून हाताने शिकण्याची ती वाट होती.

पीची यांना ती दिली गेली नाही. त्यांच्यापेक्षा कमी गुण मिळवणाऱ्या पुरुषांना ती देण्यात आली. कारण असे सांगण्यात आले की, स्त्रियांना वेगळ्या वेळी, वेगळ्या वर्गात शिकवले गेले, सबब त्या ‘वर्गा’च्या विद्यार्थिनी नव्हेतच. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. वर्ग वेगळा केला विद्यापीठाने. त्या वेगळ्या वर्गात तोच विषय, तोच प्राध्यापक. आणि त्याच वेगळेपणाचा दाखला देऊन गुण बाद करण्यात आले. स्त्रियांना वर्गात उपस्थितीचे नेहमीचे प्रमाणपत्र द्यावे की नाही, हाही वाद विद्यापीठाच्या सभेपुढे गेला. तेथे एका मताच्या बहुमताने ठरले की प्रमाणपत्र द्यावे, आणि पुन्हा एका मताच्या बहुमताने ठरले की शिष्यवृत्ती देऊ नये. म्हणजे त्या वर्गात होत्या आणि नव्हत्याही!

या प्रसंगाला आणखी एक पदर आहे. ही शिष्यवृत्ती ज्यांच्या नावाने होती त्या थॉमस चार्ल्स होप यांनी १८२६ मध्ये एडिंबरोतील स्त्रियांसाठी रसायनशास्त्रावर व्याख्याने दिली होती आणि त्या व्याख्यानांच्या उत्पन्नातून हा निधी उभा राहिला होता. स्त्रियांनी श्रोता म्हणून पैसे द्यावेत, हे शहराला चालले. स्त्रीने विद्यार्थी म्हणून बक्षीस न्यावे, हे चालले नाही.

त्याच वर्षी १८ नोव्हेंबर रोजी शरीरशास्त्राच्या परीक्षेसाठी सर्जन्स हॉलकडे निघालेल्या या विद्यार्थिनींना जमावाने अडवले, त्यांच्यावर चिखल फेकला. परीक्षा चालू असताना सभागृहात एक मेंढी घुसवण्यात आली. शहरातील मोठ्या रुग्णालयाची दारेही त्यांना बंद होती. १८७३ मध्ये न्यायालयाचा निर्णय विरुद्ध गेला आणि एडिंबरोची पदवी त्यांना मिळाली नाही. पीची यांनी १८७७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे पदवी घेतली आणि त्याच वर्षी डब्लिनची परीक्षा देऊन व्यवसायाचा परवाना मिळवला. एडिंबरो विद्यापीठाने या सातजणींना मरणोत्तर पदव्या दिल्या त्या २०१९ च्या जुलै महिन्यात.

महाराष्ट्राशी या कथेचा सांधा येथेच जुळतो. १८८३ च्या डिसेंबरात पीची मुंबईत आल्या आणि १८८६ मध्ये सुरू झालेल्या कामा रुग्णालयाची धुरा त्यांनी वाहिली. रखमाबाईंच्या मागे ज्या व्यक्ती उभ्या राहिल्या त्यांत पीची अग्रभागी होत्या. रखमाबाई पुढे जेथे शिकल्या ते लंडनचे स्त्रियांचे वैद्यक महाविद्यालय १८७४ मध्ये स्थापन झाले, ते एडिंबरोत दार बंद झाल्यावर जेक्स-ब्लेक यांनी केलेल्या खटपटीतून. रखमाबाईंच्या खटल्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. एडिंबरोतील एका गुणपत्रिकेशी त्यांच्या शिक्षणाचा असा दूरचा पण खरा संबंध आहे, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते.

दरम्यान अटलांटिकपलीकडे हाच प्रश्न शास्त्राच्या भाषेत विचारला जात होता. हार्वर्डशी निगडित असलेले डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांचे मुलींच्या शिक्षणाविषयीचे पुस्तक १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या भराभर आवृत्त्या निघाल्या. मुलींना बुद्धी नाही असे क्लार्क म्हणत नव्हते. त्यांचे म्हणणे अधिक चतुर होते. मुलींनी मुलांच्या पद्धतीने, त्याच सातत्याने व त्याच ताणाने अभ्यास केला तर त्यांच्या शरीराची, विशेषतः प्रजननसंस्थेची हानी होते; म्हणून त्यांच्या शिक्षणाची रीत निराळी असावी, महिन्यातून काही दिवस त्यांना अभ्यासातून विश्रांती असावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘शिकण्याची शैली’ हा शब्द तेव्हा नव्हता. पण लिंगावरून शिकण्याची रीत ठरते आणि म्हणून शिकवण्याची रीत बदलावी, ही कल्पना तेथे पूर्ण स्वरूपात हजर आहे, आणि तीही मुलींच्या हिताच्या नावाने.

या प्रतिपादनास सर्वांत नेमके उत्तर दिले ते एका स्त्री-डॉक्टरने. मेरी पटनम जेकबी यांनी प्रश्नपत्रके पाठवून २६८ स्त्रियांची उत्तरे गोळा केली, नाडी, तापमान व शक्ती यांच्या नोंदी घेतल्या आणि मासिक पाळीच्या काळात विश्रांती आवश्यकच असते या समजुतीला आधार नाही, असे दाखवले. हार्वर्डच्या बॉयलस्टन पारितोषिकासाठी निबंध लेखकाचे नाव न कळवता पाठवायचे असत. १८७६ चे ते पारितोषिक जेकबी यांच्या निबंधाला मिळाले. नाव झाकलेले असताना निबंध श्रेष्ठ ठरला, ही गोष्ट आम्हांस निबंधातील निष्कर्षांइतकीच बोलकी वाटते. पीची यांच्या बाबतीत परीक्षकाला विद्यार्थी कोण हे ठाऊक होते.

फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात आनंदीबाई जोशी दाखल झाल्या तो हा काळ. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या, ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. काशीबाई कानिटकरांच्या चरित्रापासून श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या १९६८ च्या कादंबरीपर्यंत मराठीने त्यांची कथा वारंवार सांगितली. त्या कथेत नवरा, समाज, समुद्र, थंडी, क्षय हे सारे ठळक आहे. त्या मानाने विद्यार्थिनी आनंदीबाई फिक्या राहतात. पदवीसाठी त्यांनी लिहिलेला प्रबंध आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राविषयी होता, आणि त्यात प्राचीन वैद्यकग्रंथांचा तसेच अमेरिकन पाठ्यपुस्तकांचा आधार घेतलेला आहे. आजच्या एखाद्या प्रश्नावलीने त्यांना बहुधा ‘वाचन-लेखन’ या खणात टाकले असते. त्या खणाने काय कळले असते? दोन विद्यापरंपरा एका प्रबंधात शेजारी आणण्याचे जे काम त्यांनी केले ते त्यांच्या इंद्रियांच्या आवडीतून आले नव्हते. ते त्यांच्या स्थितीतून आले होते.

महाविद्यालय स्त्रियांचे असल्याने तेथे एक गोष्ट आपोआप साधली होती. सगळ्याच विद्यार्थिनी असल्यामुळे वर्गातील पहिली आणि शेवटची, दोन्ही स्त्रियाच असत. ‘स्त्रीची रीत’ म्हणून वेगळे काही उरत नसे. आनंदीबाईंचे जे छायाचित्र सुपरिचित आहे त्यात त्यांच्याबरोबर सीरियाच्या साबात इस्लामबुली आणि जपानच्या केई ओकामी आहेत. ओकामींच्या देशाकडे आम्ही शेवटी परत येणार आहोत.

आता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येऊ. १९७६ हे वर्ष येथे दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. अमेरिकेत डेव्हिड कोल्ब यांची शैलीमापनाची प्रश्नावली त्या वर्षी पुढे आली. त्याच वर्षी स्वीडनमधील गटेबोर्ग येथील मार्टन आणि सेल्यो यांनी एका निराळ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी विद्यार्थ्यांना एक विवेचक मजकूर वाचायला दिला आणि नंतर त्यांनी तो कसा वाचला हे विचारले. काहींनी लेखकाला काय म्हणायचे आहे याचा शोध घेतला होता. काहींनी आपल्याला काय विचारले जाईल याचा अंदाज घेत तपशील पाठ केले होते. पहिल्यास खोल आणि दुसऱ्यास वरवरचे वाचन असे म्हटले गेले. पुढील अभ्यासकांनी त्यात तिसरी, ‘धोरणी’ रीत मिळवली : परीक्षा काय मागते ते ओळखून त्याप्रमाणे अभ्यास आखणे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या दोन वाटांमधला फरक नीट ध्यानात घ्यावा. कोल्ब यांच्या वाटेने पुढे शैली हा माणसाचा जवळजवळ स्थायी स्वभाव बनत गेला. गटेबोर्गच्या वाटेवर मात्र रीत बदलू शकते. एकच विद्यार्थी एका परीक्षेसाठी खोल वाचतो आणि दुसरीसाठी पाठांतर करतो. पहिली वाट विद्यार्थ्याकडे बोट दाखवते, तर दुसरी प्रश्नपत्रिकेकडे.

लोकप्रिय झाली ती पहिली. १९९२ मध्ये नील फ्लेमिंग आणि कॉलीन मिल्स यांनी दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती असे चार प्रकार मांडले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘व्हार्क’ हे त्याचे नाव जगभर पसरले आणि वैद्यक महाविद्यालयांत ती प्रश्नावली हमखास वापरली जाऊ लागली. २००७ मध्ये शरीरक्रियाशास्त्राच्या अध्यापनाला वाहिलेल्या एकाच अमेरिकन नियतकालिकात या प्रश्नावलीवर आधारलेले दोन अभ्यास आले. हैदी लुहान आणि स्टीफन डिकार्लो हे दोन्हींचे सहलेखक. एक अभ्यास पदवीपूर्व वर्गातील शरीरक्रियाशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा होता. त्यात ५४.२ टक्के मुलींनी एकाच प्रकाराला पसंती दिली. मुलांत हे प्रमाण केवळ १२.५ टक्के निघाले. दुसरा प्रथम वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा. त्यात असा लक्षणीय फरक आढळला नाही. उलट मुलींच्या पसंतीत किंचित अधिक वैविध्य दिसले. प्रश्नावली तीच, वर्षही तेच. ‘स्त्रीची शैली’ नावाची स्थिर वस्तू खरोखर असती, तर एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाताना ती अशी विरघळली नसती.

शिवाय प्रश्नावली आवड नोंदवते, क्षमता नव्हे. शैलीनुसार शिकवल्याने यश वाढते हे सिद्ध करायचे तर एक विशिष्ट पुरावा लागतो. समजा, दृश्य-पसंतीचे आणि श्राव्य-पसंतीचे असे दोन गट आहेत. प्रत्येक गटातील काहींना चित्रांतून व काहींना भाषणातून शिकवावे आणि शेवटी सर्वांची परीक्षा एकच घ्यावी. पहिल्या गटाला चित्रांनी आणि दुसऱ्याला भाषणाने अधिक लाभ झाला, तरच सिद्धान्त टिकतो. चित्रांनी सर्वांनाच लाभ झाला, तर ती चित्रांची महती, शैलीची नव्हे. हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन या कसोटीवर तपासले, तेव्हा ही रचना पाळणारे अभ्यासच अत्यंत थोडे निघाले आणि त्यांतील काहींचे निष्कर्ष सिद्धान्ताच्या विरुद्ध होते. त्याआधी २००४ मध्ये फ्रँक कॉफील्ड प्रभृतींनी शैलींची तब्बल ७१ प्रारूपे मोजली होती. २०१८ मध्ये इंडियाना विद्यापीठातील हसमन आणि ओलॉफलिन यांनी शरीररचनाशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुसंख्य विद्यार्थी आपल्या तथाकथित शैलीनुसार अभ्यास करतच नव्हते, आणि जे करत होते त्यांचे गुण त्यामुळे वाढले नव्हते.

मग यशाचा संबंध कशाशी? फर्ग्युसन, जेम्स आणि मॅडली यांचा २००२ चा आढावा या बाबतीत मार्गदर्शक आहे. वैद्यकाच्या पदवीपूर्व अभ्यासक्रमातील गुणांच्या फरकापैकी सुमारे २३ टक्के फरक पूर्वीच्या शैक्षणिक कामगिरीतून उलगडतो, असे त्यांना आढळले. धोरणी रीतीने अभ्यास करणे आणि स्त्री असणे यांचाही यशाशी संबंध असावा, असे त्यांनी जपून म्हटले आहे; गोऱ्या वंशाचे असणे हेही त्याच यादीत आहे. ही यादी वाचताना सावध राहावे लागते. गोरेपण ही काही शिकण्याची शैली नाही. गोऱ्या विद्यार्थ्यांना गुण अधिक पडत असतील, तर आपण ताबडतोब परीक्षेकडे, परीक्षकाकडे, आधीच्या शाळेकडे पाहतो. स्त्री-पुरुषांच्या गुणांत फरक दिसला की मात्र आपली नजर शरीराकडे आणि स्वभावाकडे वळते. या दोन नजरांमधली तफावत हाच आमच्या लेखाचा खरा विषय आहे.

आता ओकामींच्या देशाकडे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये उघडकीस आले की, टोकियो मेडिकल युनिव्हर्सिटी प्रवेशपरीक्षेत स्त्रियांच्या गुणांत वर्षानुवर्षे, किमान २००६ पासून, फेरफार करत होती. २०१८ च्या परीक्षेतील रीत अशी होती की, दुसऱ्या टप्प्यातील निबंधाचे सर्वांचे गुण आधी वीस टक्क्यांनी घटवायचे, मग पहिल्या काही प्रयत्नांत परीक्षा देणाऱ्या पुरुषांना ठरावीक गुण परत द्यायचे. स्त्रियांना काहीच परत नाही. स्त्रिया लग्न आणि बाळंतपण यांमुळे पुढे काम सोडतात, ही त्यामागची समजूत. चौकशी इतर संस्थांपर्यंत पोहोचली, तेव्हा जुन्तेन्दो विद्यापीठाने दिलेले समर्थन तर थक्क करणारे होते : या वयात मुली मनाने लवकर प्रौढ होतात व संवादात सरस असतात, म्हणून मुलाखतीत मुलांवर अन्याय होऊ नये यासाठी ही दुरुस्ती.

क्लार्क आणि जुन्तेन्दो यांच्यामध्ये एकशे पंचेचाळीस वर्षे आहेत. पहिल्याच्या मते मुली कमी पडतात म्हणून त्यांना वेगळी रीत हवी. दुसऱ्याच्या मते त्या सरस पडतात म्हणून त्यांना वेगळे माप हवे. दोन्हींत स्त्रीच्या स्वभावाविषयीचे विधान पुराव्यासारखे वापरले आहे आणि दोन्हींचा परिणाम एकच आहे. फेरफार थांबल्यानंतर, २०१९ मध्ये, टोकियो मेडिकल युनिव्हर्सिटीत स्त्रियांच्या यशाचे प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित अधिक भरले. २०२१ मध्ये सबंध जपानातील वैद्यक प्रवेशाच्या आकड्यांतही प्रथमच तसे घडले. या काळात मुलींची ‘शैली’ बदलली नव्हती. बदलली ती बेरीज.

याचा अर्थ विद्यार्थ्यांत भेद नसतात, असा आम्ही काढत नाही. एकाला आकृती काढल्यावाचून हृदयाचे कप्पे समजत नाहीत, दुसऱ्याला मोठ्याने म्हटल्यावाचून नसांची नावे राहत नाहीत, हे कोणताही शिक्षक सांगेल. पण हृदय समजण्यासाठी आकृती, स्पर्श, श्रवण आणि वाचन हे सारेच लागते. स्टेथोस्कोप ‘दृश्य’ विद्यार्थ्याला माफ नसतो. विषय जी इंद्रिये मागतो ती सर्वांनाच कमवावी लागतात, आणि ती कमावण्याची संधी, म्हणजे प्रयोगशाळा, रुग्णकक्ष, शवविच्छेदनाचा टेबल, कोणाला मिळाली हा प्रश्न शैलीच्या आधी येतो. पीची यांना नाकारली गेली ती नेमकी ही संधी होती.

साहित्याचे अध्यापन करणाऱ्यांनी या इतिहासाकडे का वळावे, असे कोणी विचारील. आमच्या मते कारण उघड आहे. ‘मुली पाठ करतात, मुलगे विचार करतात’, ‘मुलींची अक्षरे चांगली म्हणून गुण चांगले’, ही वाक्ये आपल्या शिक्षकखोल्यांत अजून ऐकू येतात. मुलीने अधिक गुण मिळवले तर ते पाठांतराचे, मुलाने मिळवले तर ते बुद्धीचे, असा हा हिशेब आहे. एडिंबरोच्या सभेने एका मताने जे ठरवले तेच आपण येथे मतदानाशिवाय ठरवत असतो. मार्टन आणि सेल्यो यांच्या प्रयोगाचा धडा असा की, विद्यार्थिनी पाठांतर करत असेल तर प्रथम आपण काढलेली प्रश्नपत्रिका वाचून पाहावी. कवितेचा आशय दहा ओळींत लिहा, या प्रश्नाला पाठ केलेल्या दहा ओळी हेच सर्वांत शहाणे उत्तर असू शकते, मग ते कोणीही लिहिलेले असो.

जेकबी यांचा निबंध नाव झाकून वाचला गेला, म्हणून तो निबंध म्हणून वाचला गेला. उत्तरपत्रिकेवरील नाव झाकणे विद्यापीठांना जमते. मनातले नाव झाकणे अधिक अवघड आहे. गुण देणाऱ्याने आपण काय मोजतो आहोत हे दर वेळी स्वतःला विचारावे, इतके तरी या दीडशे वर्षांनी शिकवायला हरकत नसावी.